समाप्तीचं गूळ-खोबरं

“मग? सांगितलं का त्यानं तिचं नाव?” तानुबाईनं भाकरीचा तुकडा हातातच धरून विचारलं.

“आता कुठं विचारलंय त्याला, मावशी. शेवटची पानं आज घरी नेते, रात्रीत वाचते, उद्या सांगते,” धनश्री म्हणाली.

“पर तुला काय वाटतंय? सांगंल का न्हाई?”

“मला काय ठाऊक! मी थोडीच लिहिलंय?”

बाकीच्या बाया हसल्या. सणसवाडीच्या पुढं कागदाची ती कंपनी होती, आणि जेवणाच्या सुट्टीत या सहा-सातजणी रद्दीच्या गठ्ठ्यांच्या सावलीला बसायच्या. परदेशातून रद्दी यायची. गठ्ठे फोडायचे, पुस्तक निघालं की कव्हर टरकवायचं, पाठीचा डिंकाचा पट्टा पात्यानं कापायचा आणि पानं मोकळी करून टाकायची, हे यांचं काम. लगद्यात डिंक गेला की सुपरवायझर आईबापाचा उद्धार करायचा.

धनश्री शिरूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. इंग्रजी घेतलं होतं. मांडवगण फराट्याहून रोज एसटीनं जायची. मग बापानं स्थळ आणलं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. नवरा संपत, शिक्रापुरात भाड्याची खोली, आणि आठ वर्षं हातात पातं. इंग्रजीची आवड असलेल्या बाईच्या नशिबी इंग्रजी पुस्तकं सोलायचं काम यावं, याला काय म्हणायचं!

दोन हजार चारचा उन्हाळा होता. तिच्या पात्याखाली एक विटेएवढं जाड पुस्तक आलं. कव्हर नव्हतं, नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता. पहिलं वाक्य तिनं सहज वाचलं आणि हात थांबला. पंख छाटून स्वर्गातून खाली फेकलेला एक देवदूत पऱ्यांच्या रानात पडतो, आणि एक परी त्याला आपल्या तळ्याच्या तळाशी लपवते. इतक्या वर्षांनी एक अख्खं इंग्रजी वाक्य तिला कुणी न समजावता समजलं होतं. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

पुस्तक तिनं गठ्ठ्यांमागं दडवलं. रोज डब्याखाली मावतील एवढीच पानं फडक्यात बांधून घरी न्यायची. भांडी झाली की जुना शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. “कंपनीत कागद कमी पडला का, घरी पण आणलास?” असं संपत म्हणायचा आणि कूस वळवून झोपायचा. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती बायांना वाचलेलं सांगायची. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला कामावर जायची घाई व्हायला लागली.

आणि ऐकावं तर तानुबाईनं! साठीची बाई, मेंढरांमागं अर्धं आयुष्य गेलेलं, अक्षराची ओळख नाही. पऱ्या तिला लगेच कळल्या. “पाण्यातल्या आसराच की त्या! आमच्या बारवंत सात जणी हायेत.” स्वर्गातून हाकलून दिलेल्यांवर तर तिचा भारी जीव. “पंख छाटलं, म्हंजी काय खायचं काम हाय व्हय? लेकरू कसं उठत आसंल रं सकाळी!” गोष्टीला ती गोष्ट म्हणतच नव्हती. पोथी म्हणायची. ऐकताना चपला बाजूला काढून बसायची. आता पोथी शेवटाला आली होती. देवाच्या दूतांनी त्या पडलेल्याला गाठलं होतं. तुला कुणी लपवलं तिचं नाव सांग, पंख परत मिळतील, असं म्हणत होते.

सुट्टी संपताना तानुबाईनं धनश्रीला बाजूला घेतलं. “आज फाटकावर झडती हाय. पंपाच्या मोटारीची तांब्याची वायर चोरीला गेली न्हवं का.”

“मग राहू दे. नेईन नंतर.”

“नंतर कवा? आज रातपाळीवाली ह्यो ढीग उपसून सगळं कापून टाकत्यात. आन् पोथी अर्धी ठेवू न्हाई, बाय. उद्याच्या समाप्तीचं गूळ-खोबरं बी आणलंय म्या.” तिनं कमरेला खोचलेली पुडी दाखवली. “आन ती पानं हिकडं. अंगठेबहाद्दर बाईकडं कागद आसंल, आसं कुणाच्या बापाला वाटतंय?”

धनश्रीनं नको म्हणायला हवं होतं. पण एक तारखेपासून तिला ऑफिसात बसवायचं ठरलं होतं, परदेशी गठ्ठ्यांवरची लेबलं वाचायला. खुर्ची, वर पंखा, पात्याच्या चिरा बंद. झडतीत सापडली असती तर ते गेलं असतं. तिनं पानं दिली.

संध्याकाळी फाटकावर वॉचमन हौसरावशेजारी सुपरवायझर स्वतः उभा होता. तानुबाई पुढं, धनश्री तिच्या मागं. हौसरावनं ओचा झटकायला सांगितला आणि पानं पायाशी पडली.

“हे काय?” सुपरवायझर म्हणाला.

“कागुद हाय, सायेब. चुलीला.”

“वायर चोरली म्हणून आठवडाभर पंप बंद आहे, नि ही बाई चुलीला कागद नेतीय! वाचता येतं का तुला?”

“न्हाई.”

“मग कुणासाठी नेतेस? कुणाचं आहे हे? नाव सांग, तुला सोडतो.”

धनश्री मागंच उभी होती. माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. तिनं डब्याचं फडकं आवळून बांधलं. तानुबाईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“चुलीलाच, सायेब,” ती म्हणाली.

“उद्यापासून येऊ नकोस.” त्यानं पानं उचलून धनश्रीपुढं धरली. “बघ गं, कंपनीचं काही आहे का?”

धनश्रीनं शेवटचं पान पाहिलं. मधोमध एक छोटं वाक्य होतं, त्याला शब्दकोश लागला नाही. देवदूतानं परीचं नाव सांगितलं होतं. खाली त्याला पंख फुटले होते, आणि परीला बांधून नेत होते.

“काही नाही, सर,” ती म्हणाली. “गोष्टीचं पुस्तक आहे कसलं तरी.”

तानुबाईचा गेटपास घेऊन सुपरवायझर केबिनकडं वळला. तेवढ्यात ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “सांगितलं का गं त्यानं?”

धनश्रीला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

“न्हाई, मावशी. न्हाई सांगितलं.”

“म्या म्हणलंच व्हतं,” तानुबाई म्हणाली. तोंडभर हसली. मग कमरेची पुडी काढून धनश्रीच्या हातात कोंबली. “झाली समाप्ती. वाट बायांना.” आणि चपला फटफटवत सडकेला लागली.

पुढं कुणीतरी म्हणालं, ती दौंडकडं लेकीच्या गावाला गेली, कांद्याच्या खुरपणीला जाते. धनश्री कधी गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार!

दुसऱ्या दिवशी तिनं गूळ-खोबरं सगळ्यांना वाटलं. बायांनी शेवट विचारला, त्यांनाही तिनं तसाच सांगितला. एक तारखेला ती ऑफिसात खुर्चीवर बसली. तिच्या वाट्याचा गुळाचा खडा पुडीतच राहिला होता, तो तिनं टेबलाच्या खणात ठेवला. पावसाळ्यात त्याला मुंग्या लागल्या. तिनं खण उघडून पाहिलं आणि तसाच लोटून दिला.