दहाव्याला दिलेला शब्द

लंकाबाई गेली तो दिवस चैत्रातला. भिमाजी खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. शेजारची साळुबाई अनवाणी धावत आली आणि बांधावरूनच ओरडली, "भिमाजीभाऊ, जीपनं उडवली हो वहिनीला!"

लंकाबाई भीमाशंकरच्या रस्त्याकडेला हिरडे वाळत घालत होती. भिमाजी पोचला तेव्हा तिच्यावर कुणीतरी पोतं टाकलं होतं. भाविकांच्या गाड्या हिरड्यांवरून जात होत्या.

जीप कोण चालवत होतं ते साळुबाईनं पाहिलं होतं. जीपमालकाचा मुलगा. पोलिसांच्या कागदावर नाव लागलं पगारी ड्रायव्हरचं. साळुबाईला कुणी विचारलंच नाही.

दहाव्याला घाटावर माइक होता. आपल्याकडे असतोच. मेलेल्या माणसाला कधी न पाहिलेले पुढारीही श्रद्धांजली वाहून जातात. शेवटी दादाभाऊ वकील उठले. दादाभाऊ मूळचे अवसरी बुद्रुकचे. लुनावरून घोडेगावच्या कोर्टात यायचे, तिथून सुरुवात. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडायचे. खेड झालं, पुणं झालं, मग मुंबई. आता रोज संध्याकाळी टीव्हीवर बसून साऱ्या राज्याला कायदा समजावतात.

"भिमाजीभाऊ, आजपासून ही केस माझी," ते माइकवर म्हणाले. "साळुबाईंचा जबाब न्यायाधीशांपुढे मी नोंदवून घेईन. खरा गुन्हेगार सुटणार नाही."

दहावा आहे हे विसरून काहींनी टाळ्या वाजवल्या.

भिमाजी तिथंच चुकला. पिंडापुढे, चारचौघांत दिलेला शब्द म्हणजे काम झालं, असं त्यानं धरलं. वकीलपत्रावर सही करायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं आणि दादाभाऊंनी ते सांगायला माणूसही धाडला नाही. भिमाजी वाट बघत राहिला. फोन केला की तिकडून ठरलेलं उत्तर, "साहेब स्टुडिओत आहेत." भात निघालं, झोडून झालं, तेव्हा दोषारोपपत्र दाखल झाल्याचं कळलं. आरोपी ड्रायव्हरच. साक्षीदारांत साळुबाईचं नाव नाही.

त्याच आठवड्यात दादाभाऊ टीव्हीवर म्हणाले, "आंबेगाव तालुक्यातल्या एका गरीब भगिनीचा खटला मी स्वतः लढतोय." भिमाजीच्या हातातला घास तसाच राहिला. त्यानं टीव्हीलाच शिव्या घातल्या.

पौषात घोडेगावला एका पुढाऱ्याच्या आईचा दहावा होता, भिमाजीही गेला होता. माइकवर दादाभाऊ. "या माउलीच्या साक्षीनं मी शब्द देतो..." एवढं कानावर पडलं आणि भिमाजी उठला.

"वकीलसाहेब, मागच्या शब्दाचं काय झालं?"

"कोण आपण?"

"लंकाबाईचा नवरा. टीव्हीवर माझीच केस लढताय न्हवं तुमी?"

मागून कुणीतरी सदरा ओढला. "बसा राव खाली. लोकाचं दुःख हाय."

"मंग माझं काय लगीन व्हतं व्हय?"

दादाभाऊंनी माइकवर हात ठेवला. आवाज मऊ केला. "भाऊ, तुम्ही वकीलपत्रच दिलं नाहीत. सहीशिवाय मी कोर्टात उभा कसा राहणार?"

"आन् सहीबिगर टीव्हीवर कसं बसता वो?"

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. दादाभाऊंचे कान लाल झाले. "उद्या ऑफिसला या," म्हणाले, हात काढला आणि माउलीचं पुण्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. दोघांनी भिमाजीला दंडाला धरून घाटाबाहेर नेलं. जाताना तो ओरडला, "माणूस माझं मेलंय, नाव तुमचं झालंय!" माइकपुढे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तो त्यांच्या ऑफिसला गेला नाही. घोडेगावच्या कोर्टात उज्ज्वला नावाच्या तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी आधी सही घेतली, मगच ऐकून घेतलं. "हे तेव्हाच करायला पायजे होतं, काका," त्या म्हणाल्या. भिमाजीला त्यांचाही राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या. साळुबाईचा जबाब घ्यावा, असा अर्ज दिला. त्याला दोनदा तारीख पडली. दोन्ही वेळा साळुबाई सकाळच्या एसटीनं आली, दिवसभर बाकावर बसली आणि परत गेली.

मालकाचा मुलगा अजूनही जीप चालवतो. साळुबाईचा जबाब अजून झालेला नाही.