परतीची रेघ

"हा म्हातारा मघापासनं फाटकाशी का उभा हाय गं?" बाबांनी माझ्या मागून लॅपटॉपमध्ये डोकावत विचारलं.

व्हिडिओ गेममधल्या माणसांनी कधी काय करायचं, ते ठरवणं हे माझं काम. पडद्यावर चौकटी मांडायच्या, रेघांनी जोडायच्या. खेळणारा गावात आला की हा म्हातारा फाटकाशी येणार, वाट सांगणार आणि तो गेला की पुन्हा अंगण झाडायला लागणार. पण तीन दिवस पठ्ठ्या फाटकावरून हलायला तयार नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी माझं कॅनडाचं विमान होतं, तीन वर्षांसाठी.

आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा एकदाही 'नको जाऊ' म्हणाले नव्हते. मला त्याचाच राग येत होता.

रसायनीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. चष्मा चढवून ते चौकटींवरून बोट फिरवू लागले.

"आमच्या बोर्डावानीच हाय की! प्रेशर वाढलं की हा व्हॉल्व्ह, उतरलं की तो." बोट एका जागी थांबलं. "बघ, उज्वला. हितं यायला रेघ हाय. हितनं माघारी जायलाच नाय."

मी कपाळावर हात मारला. रेघ जोडली. म्हातारा निमूट वळला आणि झाडू लागला.

"खेळणारा गेल्यावर किती वेळ थांबला गं?"

"दहा सेकंद."

"दहाच? जाणारा वळणाशी तरी पोचला असंल का दहात?"

"गेम हाय बाबा. खेळणारा कुठं मागं वळून बघतो?"

बाबांनी चष्मा उतरवला. चहा ठेवायला आत गेले. माझी मलाच लाज वाटली.

सकाळी टॅक्सी आली. बॅगा बाबांनीच ठेवल्या.

"पोचलीस की फोन कर. माझी काळजी नको. तू निघालीस की मी लागतो झाडलोटीला."

गाडी लोधिवलीच्या रस्त्याला लागली. मी मागच्या काचेतून बघत मनात आकडे मोजू लागले. दहा झाले. वीस झाले. बाबा फाटकाशीच होते, हात खाली सोडून.

हायवेचं वळण आलं तेव्हा मी चाळीसवर होते. ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही.