मुर्कीची षष्ठी

मित्रांनो, गाजराला फार पूर्वी स्लाव लोक ज्या नावाने हाक मारत, तो जुना शब्द मी. माझे नाव मुर्की. शेजारच्या जर्मनांचे गाजरही माझ्यासारखेच नाव लावते. मी त्यांच्याकडून उसना आलो की त्यांचा भाऊ आहे, यावर विद्वान अजून भांडतात.

प्रथमेत मी मुर्की, षष्ठीत मुर्कवे आणि द्वितीयेत मुर्कव. पण गाजर स्वतः काय करणार? लोक मला उपटत, सोलत, खात. सतत कर्म होऊन होऊन द्वितीया माजली आणि तिने माझी गादी बळकावली. तिचीच पुढे चेक लोकांची 'म्रकेव' झाली. मला कोणी लिहूनही ठेवले नाही. तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

शेकडो वर्षांनी चेक लोकांच्या ब्रनो शहरातल्या द्राहोमीरा नावाच्या भाषाभ्यासक बाईंनी मला शोधले. सायकलवरून खेडोपाडी फिरून, म्हाताऱ्यांची बोली ऐकून, त्यांनी मला पुन्हा उभे केले. डोक्यावर एक चांदणी लावली. म्हणजे हे रूप लिहिलेले सापडत नाही, तर्काने बांधलेले आहे. किती सुखावलो मी!

भाषेच्या इतिहासाचे प्राध्यापक क्वापिल यांनी बाईंचा माझ्यावरचा लेख वाचायला नेला आणि स्वतःच्या नावावर छापला. बाई जाब विचारायला गेल्या, तर ते हसले. "अहो बाई, गाजरावर कोणी मोठं होतं का? घरी जा, सूप करा त्याचं!"

बाई परतल्या. मी मात्र आतून पेटलो होतो. गादी गेल्याचे दुःख मला नवे नव्हते.

भाषा विभागाचे प्रमुखपद क्वापिलना मिळायचे होते. त्यासाठी त्यांनी भरल्या सभागृहात माझ्यावर व्याख्यान दिले. टाळ्या थांबल्यावर द्राहोमीराबाई उठल्या.

"सर, याची षष्ठी काय हो?"

क्वापिलनी माझे नाव उचलले होते, माझा स्वभाव नव्हे. "सोपं आहे. मुर्का, मुर्की... मुर्क!"

"वा! मग आपण रोज खातो त्या 'म्रकेव'मधला 'व' कुठून आला? वाफ्यात उगवला?"

सभागृह खदखदून हसले. निवड समितीतले एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "क्वापिल, लेख तुम्हीच लिहिलात ना?" क्वापिल हातातले कागद उलटसुलट करू लागले. मीही मदतीला गेलो नाही.

ते पद त्यांना मिळाले नाही. बाहेर व्हरांड्यात त्यांनी बाईंना गाठले. "मला एकट्यात सांगता आलं असतं तुम्हाला."

बाई हातमोजे चढवत म्हणाल्या, "तुम्ही चोरी चारचौघांत केलीत, सर."

मित्रांनो, कोणाचे काही घ्याल तर त्याचे नाव घेऊन घ्या. शब्दालाही जपा आणि तो शोधणाऱ्यालाही. क्षमा करावी, असे तुम्हाला थोर माणसे शिकवतील. मी शिकवणार नाही. त्या दुपारी क्वापिलांचा उतरलेला चेहरा पाहून मला जे गोड वाटले, तसे गोड कोणत्याही वाफ्यात पिकत नाही.