ब्लोअरमधल्या अक्षता

पैज लागली ती अल मनखूलच्या पार्किंगमध्ये, हातात चहाचे कागदी कप असताना. दत्तप्रसादच्या पिकअपचा ब्लोअर गेला होता. एसीचं मशीन चालू, पण वारा म्हणून येत नव्हता, आणि बाहेर जुलैची दुबई.

"पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या हाताने चालू करून दाखवतो," दत्तप्रसाद म्हणाला.

"तू? घरचा मिक्सर लावायला तुला वहिनी लागतात, दत्त्या!" उपेंद्रने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "चल, पैज. हरेल त्याने मुंडावळ्या बांधून ह्या गाडीच्या चाकाला लोटांगण घालायचं. अख्ख्या बिल्डिंगसमोर."

"डन."

कुंदावहिनी वर बाल्कनीतून हसल्या. "भाऊजी, मुंडावळ्या मी काढून ठेवते हो!"

उपेंद्र एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्समध्ये होता, पण त्याचा खरा धंदा लोकांची फिरकी घेण्याचा. २००९ साल होतं, मंदीचं. शहरभर क्रेन नुसत्या उभ्या होत्या, दर आठवड्याला कुणी ना कुणी सामान विकून गावी पळत होतं. अशा दिवसांत माणसांना हसवणं हे पुण्यच, असं तो स्वतःला सांगायचा. दत्तप्रसाद त्याचं लाडकं गिऱ्हाईक. बांधकाम कंपनीत इंजिनिअर, कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि मार्चपासून ही जुनी पिकअप. "साइटवर लागते, कंपनीने दिलीय," असं वहिनी सांगायच्या. उपेंद्र त्याला रोज सकाळी हाक मारायचा, "काय हमाल, निघाले का?" मागच्या आठवड्यात तर आवाज बदलून फोन केला होता, "हॅलो, शेखसाब बोल रहा हूँ." तिकडून दत्तप्रसाद घाईने म्हणाला होता, "येस सर, कितना सामान है?" बेट्याने आवाज ओळखला आणि आपलीच फिरकी घेतली, असं वाटून उपेंद्र पोट धरून हसला होता.

दत्तप्रसादने आठवडाभर फक्त फ्यूज बदलले. नवा लावला की स्विच फिरवताच उडायचा. तरी उपेंद्रला जोखीम नको होती. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, बिल्डिंगचा नातूर म्हणजे वॉचमन अजीज गाड्या धुवायचा, सगळ्यांच्या चाव्या त्याच्याकडे असायच्या.

"दो मिनिट दे, अजीजभाई. मजाक है."

"आपका मजाक, साब..." अजीजने मान हलवत चावी दिली.

बेत साधा होता. डॅशबोर्डचा उजवा कप्पा उतरवायचा, मागे ब्लोअरची मोटर असते, तिचा प्लग जरासा ढिला करून ठेवायचा. खलास.

कप्पा उतरला. पण प्लगला हात लावण्याआधी सवयीने त्याने मोटरचा पंखा बोटाने फिरवून पाहिला. हलेना. म्हणजे मोटर अडकली होती, म्हणून फ्यूज उडत होते. त्याने तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली, आणि त्याच्या मांडीवर वाळलेला झेंडू सांडला. मग अक्षता, हळदीच्या अक्षता, मूठभर.

त्या त्याच्याच होत्या. मार्चमध्ये "पूजेशिवाय गाडी? छे!" म्हणत वहिनींकडून ताट मागून त्यानेच भटजी बनून खोटे मंत्र म्हटले होते, आणि लोक हसताहेत म्हणून पुढच्या काचेखालच्या जाळीत फुलं-अक्षता ओंजळीने ओतल्या होत्या. वारा तिथूनच आत जातो हे त्याला, डक्ट विकणाऱ्याला, माहीत नव्हतं असं नाही.

पुसायला फडकं शोधत त्याने सीटमागे हात घातला. हाताला लागले दोरखंड, जुन्या गोधड्या, घामाच्या मिठाने पांढरा पडलेला टी-शर्ट, एक रिकामा हँगर. आणि दाराला चिकटवायची पाटी. रूम शिफ्टिंग, फर्निचर, कॉल एनी टाइम. खाली मोबाइल नंबर. तो नंबर उपेंद्रला पाठ होता.

येस सर, कितना सामान है.

हमाल, निघाले का.

त्याने पाटी होती तशी परत ठेवली. वहिनींना माहीत नाही, हे त्याला हँगरवरूनच कळलं. शर्ट-टाय घरून निघतात आणि घरी परततात, मधला दिवस ह्या टी-शर्टात जातो. बिनवाऱ्याच्या, तापलेल्या पत्र्यात. आपण एक शब्द बोललो की संपलं.

आणि बोलणं हेच तर त्याचं काम होतं.

त्याने पंख्याची पाती एकेक करून साफ केली, दोन वायरी थेट बॅटरीला लावून मोटर फिरवून पाहिली. सुसाट फिरली. सगळं परत बसवलं. उडालेला फ्यूज मात्र तसाच ठेवला.

दुपारी सगळे जमले. दत्तप्रसादने फ्यूजचं पाकीट घ्यायला सीटमागे हात घातला आणि तो क्षणभर थांबला. पाटीवर हळदीचा पिवळा अंगठा उमटला होता. त्याने उपेंद्रकडे पाहिलं. उपेंद्रने खाली पाहिलं.

नवा फ्यूज बसला, स्विच फिरला, आणि भसकन वारा आला. टाळ्या, शिट्ट्या.

"बघा! ऑफिसात साहेब, सुट्टीला मेकॅनिक," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "भाऊजी, अहो आज गप्प कसे? दुसरं कुणी हरलं असतं तर तुम्ही सोडलं असतंत का?"

"हरलो, वहिनी," उपेंद्र म्हणाला. "साहेबच आहे तो."

वहिनींनी त्याला मुंडावळ्या बांधल्या. तो तापलेल्या डांबरावर पालथा झाला, कपाळ टायरला टेकवलं. लोक हसत होते. इतकी वर्षं हे हसू त्याने दुसऱ्यांवर सोडलं होतं. ते खालून ऐकताना कसं वाटतं ते आज कळत होतं.

"उप्या, ऊठ. पुरे," दत्तप्रसाद कानाशी वाकून पुटपुटला. "भाजशील."

"राहू दे रे जरा."

वहिनी ताट घेऊन गाडीकडे आल्या. "थांबा, आता पूजाही करून टाकू."

उपेंद्रने झोपल्याझोपल्याच हात वर केला.

"वहिनी, अक्षता नकोत. नुसता नमस्कार करा."