सहावं रीळ

जांभळी गोळी कागदाला चिकटून बसली होती. नखाने सोडवायला गेलं तर कागदाचा एक तुकडा गोळीवरच राहिला, आणि आता हा तुकडा खरवडत बसावं की तसंच... अलिनाने ती तशीच तोंडात टाकली. व्हायोलेटच्या फुलांचा तो अत्तरी वास आधी नाकात, मग टाळूवर, मग घशात. ओब्दुलिया माइकसमोर उभी राहण्याआधी हीच गोळी चघळते, बरोबर एक, असं तिने फार पूर्वी एका मासिकात वाचलं होतं, आणि तेव्हापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, ही गोळी तिच्याही पर्समध्ये होती. चव तिला कधीच आवडली नव्हती. साबण खाल्ल्यासारखी वाटायची.

स्टुडिओच्या बोळातला बाक थंडगार होता. नोव्हेंबरातलं माद्रिद, बाहेर ऊन पण हाडात गारठा, आणि ती गुडघ्यांवर पर्स धरून घसा तयार करत बसलेली — स्वतःचा नव्हे, ओब्दुलियाचा. थोडा खाली, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी दमल्यासारखा. सकाळीच तालीम झाली होती, मासळीवाल्याकडे. "अलिनाबाई, म्हणा ना जरा सिनेमातलं ते, 'दार उघड, आन्द्रेस'," तो हेक माशाचं डोकं उडवता उडवता म्हणाला, "आमची नवी गिऱ्हाइकं ऐकू देत." आणि तिने म्हटलं. "बघा, अजून काटा येतो अंगावर," मासळीवाला म्हणाला, आणि तिने मान झुकवून ती दाद घेतली, जशी ती नेहमीच दुसरीच्या वतीने घेत आली होती.

कारण आवाज ओब्दुलियाचा होता. बावीस सिनेमे — बावीसच्या बावीसांत चेहरा अलिना बेलमारचा आणि आवाज ओब्दुलिया रेगेराचा. अलिना बेलमार हे नावही तिला इथे येऊन मिळालेलं. मूळची ती सेतूबालच्या कोळीवाड्यातली इदालिना, आई सार्डिनच्या डबाबंद कारखान्यात. स्पॅनिश ती शिकली, पण तिच्या तोंडून ते पोर्तुगालचं पाणी प्यायलेलंच यायचं. "चेहऱ्याला तोड नाही, जिभेला मात्र कुलूप लाव," दिग्दर्शक बेर्मेहो म्हणायचा. त्या काळी सेटवरचा आवाज कुणाला हवाच नसे. सुतार ठोकत असायचे, बेर्मेहो शॉट चालू असताना ओरडून सूचना द्यायचा, आणि जी काही कच्ची फीत मुद्रित व्हायची ती फक्त डबिंगवाल्यांना अंदाज यावा म्हणून. काम झालं की पुसून पुन्हा वापरायची. ओब्दुलिया भरेल, असं सगळे म्हणायचे. काय वाटेल ते बोल, आकडे म्हण, फक्त रड नीट. ओब्दुलिया भरेल.

ती ओब्दुलिया या वसंतात गेली. आणि अलिनाच्या त्या गाजलेल्या मिठागराच्या सिनेमाचं सहावं रीळ, ते दारापाशी रडण्याचं, आवाजाच्या बाजूने सडून गेलं होतं. आता तो प्रसंग पुन्हा कुणीतरी बोलायला हवा होता. जानेवारीत लिस्बनला खास खेळ होता, अलिना बेलमारच्या सन्मानार्थ. तिकडे सेतूबालला ओदेतेने तपकिरी कोट शिवायला टाकला होता. "पहिल्या रांगेत बसणार मी, ताई," रविवारी फोनवर म्हणाली होती, "आणि शेजारच्या बाईला सांगत सुटणार, ही आमची ताई म्हणून. तुला लाज वाटली तर वाटू दे." मग थोडं थांबून, "आईला हे बघायला मिळायला हवं होतं गं." आईचं शेवटची नऊ वर्षं सगळं ओदेतेनेच केलं होतं. अलिना अंत्यविधीलाही वेळेत पोचली नव्हती.

ताई. मी ओदेतेची ताई. एक्कावन्न वर्षं झाली, हे वाक्य एकदाही अडखळलं नाही.

"अलिनाबाई, या," बेगोन्याने दार उघडलं. सिनेमा-संग्रहालयातली ही चाळिशीची बाई, केस बारीक कापलेले, आज नेहमीपेक्षा जास्त भराभर बोलत होती. "तुम्हाला डबिंगच करावं लागणार नाही कदाचित. बसा आधी. ओब्दुलियाबाईंच्या भाचीने एक खोकं पाठवलंय. त्यात काय निघालं माहितीय? सेटवरची कच्ची फीत. याच प्रसंगाची. पुसलीच नव्हती त्यांनी, घरी नेऊन ठेवली होती. वर स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'अलिना. दार. पुसू नये.' फर्मिनने दोन दिवस खपून साफ केलीय."

फर्मिन, आवाजाचं काम बघणारा जाडजूड माणूस, यंत्रापाशी पाठमोरा बसला होता. त्याने वळून मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. एरवी तो गप्पिष्ट होता.

कानांवर हेडफोन. आधी कॅमेऱ्याची घरघर, मग हातोडा दोनदा, मग बेर्मेहो — देवाघरी जाऊन वीस वर्षं झाली त्याला — "हां, आता कपाळ टेक दाराला. टेक. रड." आणि मग एका मुलीचा आवाज. पातळ, नाकातून येणारा, कोवळा, कोळणीसारखे शब्द ओढणारा.

"ही कोण मुलगी?" अलिनाने विचारलं.

बेगोन्या हसली, आणि हसता हसता थांबली. "तुम्हीच, बाई."

मी... बत्तीस वर्षांची मी. स्वतःचा आवाज ओळखू न येणारी बाई आहे मी, हे तिला पुरतं कळायच्या आत तिला शब्द ऐकू आले, आणि तिने हेडफोनच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, जणू शब्द बाजूने गळतील आणि खोलीत सांडतील.

ओदेते, ऐक. "डावीकडे बघ," बेर्मेहो. मी तुझी ताई नाही. आई सांगते ते खोटं आहे. "मस्त, मस्त, अजून." तू माझ्या पोटची आहेस, पोरी. गाडी सुटली तेव्हा तुझ्या हातात साखर लावलेला पाव होता, तू खिडकीकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू पाव खात होतीस. "हात दारावर आपट." मला ने म्हण. एकदा तरी म्हण, आई, मला ने. "कट. व्वा."

सांगितलं होतं ना, काहीही बोल म्हणून. कुणी ऐकणार नव्हतं. रडू येत नव्हतं त्या दिवशी, अकरा वेळा शॉट फुकट गेला होता, बेर्मेहोने फिल्मच्या खर्चावरून सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता, आणि बाराव्या वेळी तिने ते काढलं — जे कबुलीला बसून पाद्रीसमोरही काढलं नव्हतं — आणि त्यावर अख्खा स्पेन रडला. मग ओब्दुलियाने त्या ओठांवर आन्द्रेसला बसवलं.

"एक नाव येतं मध्येच," बेगोन्या म्हणाली. "ओदेते. बाकी घरघरीत मला नीट कळत नाही, पोर्तुगीज आहे ना. पण पटकथेत ओदेते कुणीच नाही."

"माझी बहीण."

"लिस्बनला येणारेत त्या?" बेगोन्याने टाळीच वाजवली. "मग तर हेच लावू या. तिथल्या लोकांना शब्द न् शब्द कळेल. विचार करा, अलिनाबाई, आयुष्यात पहिल्यांदा तुमचा स्वतःचा आवाज पडद्यावरून. अर्थात तुमच्या सहीशिवाय नाही लावणार. नको असेल तर कागदावरचे ओब्दुलियाबाईंचे संवाद बोला, तेही चालेल. पण आजच ठरवा, सोमवारी रीळ लॅबमध्ये जातंय." मग तिला कुणाचा तरी फोन आला आणि ती बाहेर गेली.

फर्मिनने कॉफी आणून पुढ्यात ठेवली. साखरेच्या दोन पुड्या, चमचा. 

"बाई, मी बादाखोसचा," तो म्हणाला.

तिने वर बघितलं. बादाखोस — हद्दीवरचं गाव, पलीकडे पोर्तुगाल.

"आमची आजी पलीकडची. घरात तेच बोलायची." त्याने घसा साफ केला. "साफ करताना चाळीस वेळा तरी ऐकावं लागतं. इलाज नसतो. माझ्याकडून कुठे जायचं नाही, एवढंच सांगायचं होतं."

चाळीस वेळा. मग ओब्दुलियाने किती... डबिंगवाल्यांचं कामच ते, कानात कच्ची फीत, डोळे पडद्यावरच्या ओठांवर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शुभारंभाच्या खेळाला ती एकदा भेटली होती, ठेंगणी, चष्मेवाली, पोस्टातल्या कारकुनासारखी दिसणारी. तिने अलिनाचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "तुझ्या त्या प्रसंगाला मला दोन दिवस लागले," म्हणाली. अलिनाला वाटलं, टोमणा मारतेय. मी काय म्हटलं तेव्हा? म्हटलं, तुम्हाला त्याचे पैसे मिळतात. म्हटलं मी हे, ओब्दुलियाच्या तोंडावर, आणि ती चष्मा पुसत बाजूला झाली.

लावू दिलं तर पहिल्या रांगेत तपकिरी कोट घालून बसलेल्या ओदेतेला एका क्षणात आई मिळेल आणि एका क्षणात आई जाईल — ती, जिचं हगणंमुतणं तिने नऊ वर्षं काढलं, जिच्या थडग्यावर ती दर शनिवारी फुलं बदलते. आणि तेही चारशे लोकांत. नाही. एवढा अधिकार नाही माझा. जन्म दिल्याने एवढा अधिकार येत नाही. आणि नाही लावलं तर जगात फक्त एकदा, एकाच ठिकाणी ती ओदेतेला पोरी म्हणाली होती, ती फीत पुन्हा खोक्यात, आणि खोकं पुन्हा फडताळात.

"मी बोलते," ती उठली. "कागद द्या. ओब्दुलियाचं बोलते."

फर्मिन उठला. त्याने काचेपलीकडे तिच्या उंचीला माइक लावून दिला. कागदावर टंकलेले संवाद: दार उघड, आन्द्रेस. मीठ गोळा करायला मी एकटी जाणार नाही. तिने नवी गोळी काढली, मग परत पर्समध्ये टाकली.

"आधी चित्र नुसतंच दाखवतो एकदा," त्याचा आवाज कानात आला. "ओठांचा अंदाज घ्या."

पडद्यावर दार आलं, आणि दाराला कपाळ टेकलेली ती. आवाज नाही, काहीच नाही. हा प्रसंग तिने पन्नासदा पाहिला असेल, पण दरवेळी ओब्दुलियाच्या आवाजासकट, आणि आवाज असला की ओठांकडे कोण बघतं. आता नुसते ओठ होते. ओठ म्हणत होते, ओदेते. स्वच्छ म्हणत होते. ऐक म्हणत होते. पोटची म्हणताना वरचा ओठ दातांवरून सरकत होता... हे सगळं इतकी वर्षं भर पडद्यावर, कुणालाही दिसेल असं होतं, आणि कुणालाच दिसलं नाही, कारण ओठ वाचायची सवय कुणाला असते.

कारखान्यातल्या बायकांना असते.

तिने माइकची दांडी धरली. सेतूबालच्या त्या कारखान्यात डबे ठोकणाऱ्या यंत्रांचा इतका गदारोळ की शेजारणीशीही ओरडून उपयोग नसे. आई आणि सगळ्या जणी सरकत्या पट्ट्याच्या या टोकावरून त्या टोकाला आवाजाशिवाय बोलायच्या, नुसत्या ओठांनी. मुकादमाला शिव्या, कुणाचं लग्न जमलं, कुणाला दिवस गेले... रात्री घरीसुद्धा आई विसरून तशीच बोलायची. आणि सेतूबालला हा सिनेमा लागला तेव्हा पंधरा वर्षांच्या ओदेतेने पत्र पाठवलं होतं, वहीच्या कागदावर — "ताई, तू दारापाशी रडलीस तेव्हा आई मध्येच उठून बाहेर गेली ती आलीच नाही. मी एकटीने शेवट बघितला." अलिनाला तेव्हा वाटलं होतं, आईलाही रडू आलं. बरं वाटलं होतं.

आणि पुढच्या वर्षी आईने ओदेतेला कारखान्यात लावलं. तीस वर्षं काढली तिने त्या पट्ट्यावर. सिनेमाची कॅसेट तिच्याकडे आहे. झिजली, दुसरी पाठव, असं तिने दोनदा मागवलं होतं. दोनदा. आणि फोनवर दर रविवारी ती आधी थोडं थांबते — लाइनीचा दोष असेल असं मी धरून चालले — थांबते, आणि मग म्हणते, ताई.

ओदेतेला कळेल ही एकच भीती एवढी वर्षं उशाशी घेऊन निजले. तिला कळलेलं असेल आणि ती रविवारमागून रविवार तिथे थांबून वाट बघत असेल, मी काही बोलते का म्हणून... ही भीती मला शिवली नव्हती.

"बाई, घ्यायचं?" फर्मिन काचेपलीकडून विचारत होता.

तिने हात वर केला, थांब म्हणून. पडद्यावरची मुलगी पुन्हा दाराला कपाळ टेकत होती. कागदावरची अक्षरं जागच्या जागी होती, घसा तयार होता, ओब्दुलियाचा आवाज रोजच्यासारखा खाली येऊन उभा होता, आणि त्याच्याही खाली तिचं स्वतःचं काहीतरी पातळ, नाकातलं, आपणहून वर सरकत होतं. तिने ते गिळायचा प्रयत्न केला, आणि आज ते गिळलं गेलं नाही.