मागच्याचं उत्तर

त्या डोंगराच्या शेवटच्या सोंडेवर मागे वळून बघायचं नाही, हा काही भुताखेतांचा नियम नव्हता. वाटच इतकी अरुंद आणि अंगावर येणारी, की मान वळवली की तोल गेलाच म्हणून समजा. म्हणून वाटाड्यांनी आपली सोय करून ठेवली होती. पुढच्याने प्रत्येक वळणावर "ओ!" म्हणून हाक द्यायची आणि सगळ्यात मागच्याने "आहे!" म्हणायचं. माथ्यावर पाय टेकला की पुढच्याने "पोचलो!" म्हणून ओरडायचं. तोवर मागच्याची सुटका नाही.

दोघे भाऊ हेच काम करत. धाकटा पुढे, थोरला मागे. थोरला म्हणजे चढायला घोडा आणि उतरायला म्हातारी. गुडघा कुरकुरायचा त्याचा, आणि उतरताना त्याच्यासाठी थांबून थांबून धाकट्याचा जीव मेटाकुटीला यायचा. तीन वर्षांपूर्वी दोघेच वरचे दोर तपासायला गेले होते. दाट धुकं होतं. धाकट्याने हाका दिल्या, प्रत्येक हाकेला उत्तर आलं, अगदी शेवटच्या वळणापर्यंत. माथ्यावर जाऊन वळून पाहतो, तर मागे कुणीच नाही.

थोरला सापडला तो खाली, दुसऱ्या वळणाच्या कड्याखाली. म्हणजे त्या वळणाच्या वरची सगळी उत्तरं तो पडल्यानंतरची. लोक म्हणाले, कड्यावर आपटून तुझाच आवाज परत आला असेल. धाकट्याने मान डोलावली. वाद घालायला अंगात त्राण कुठे होतं? पण आपण "ओ" म्हटल्यावर कडा "आहे" कसा म्हणेल, हे काही कुणी त्याला सांगितलं नाही. त्याने डोंगर सोडला आणि खाली बाजारात दोर-बुटांच्या दुकानात नोकरी धरली.

वहिनी शिवणकाम करायची. एक दिवस ती हातातलं काम टाकून थेट दुकानात आली.

"भाऊजी, मला वर न्या."

"वहिनी, ती काय बाजाराची वाट आहे?"

"नसू दे. तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन. ह्यांच्या बुटांत चिंध्या कोंबून बघितल्या, बसतात बरोबर."

आता यावर काय बोलणार? थोरल्याच्या होडीएवढ्या बुटांत ती त्या कातळावर चढली असती तर दुसऱ्यांदा शोधायला जावं लागलं असतं. धाकट्याने निमूटपणे तिच्या मापाचा जोड काढून पुढ्यात ठेवला.

ते निघाले तेव्हा ऊन होतं. सोंडेच्या पायथ्याशी येईस्तोवर धुकं उतरलं. कातळात ठोकलेल्या दोराला दोघांनी कमरेच्या कड्या अडकवल्या. परत फिरू म्हणायचं तर वहिनी ऐकणाऱ्यातली नव्हती.

"ओ!"

"आहे!" पहिल्या वळणावर ती खणखणीत म्हणाली. दुसऱ्या वळणावर तिचा आवाज जरा कापला. तिथून वर खोबण्या उथळ होत गेल्या, पोटऱ्या भरून आल्या, आणि मागून येणारं उत्तर धुक्यात घोगरं होत गेलं. दमली असेल, धाकट्याने स्वतःची समजूत घातली. पण दर वळणावर उत्तर येत होतं, एवढ्यावर त्याने पाय उचलले.

माथ्यावर पोचल्यावर मात्र त्याचा धीर सुटला. "पोचलो" म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. वळून बघायची हिंमत होईना. मागे पुन्हा कुणी नसलं तर? तो तसाच पाठ करून उभा राहिला, तेवढ्यात पाठीवरच्या पिशवीला हात लागला. वहिनी होती. त्याला रडूच कोसळलं.

"शेवटपर्यंत उत्तर दिलंत, वहिनी. शाबास तुमची."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी? दुसऱ्या वळणानंतर मी तोंडच उघडलं नाही."

"म्हणजे?"

"मुद्दाम. म्हटलं, मी गप्प राहिले तर हे बोलतील. पण मला काही ऐकू आलं नाही, भाऊजी. एकदासुद्धा नाही. तुम्ही मात्र हाक द्यायचात आणि उत्तर मिळाल्यासारखे पुढे निघायचात." ती तिथेच कातळावर बसली. "मी बायको ना त्यांची? एवढं चढून आले. माझ्याशी का नाही बोलले?"

 वहिनीचा हेवा खरा होता, हे धाकट्याला कळत होतं.

डोळे पुसून ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही 'पोचलो' म्हणालात का?"

"कसा म्हणणार? दादा कुठे पोचला होता?"

"अहो, मग तो माणूस अजून चढतोच आहे!" ती चिडलीच. "तीन वर्षं झाली. ओरडा आधी."

त्याने छाती भरून घेतली आणि ओरडला, "दादा, पोचलो!" धुक्यातून काही परत आलं नाही, साधा घुमारासुद्धा नाही. आता तो आवाज कायमचा गेला, असं त्याला वाटलं.

उतरताना क्रम उलटा. वहिनी पुढे, तिच्या कमरेचा दोर धरून धाकटा मागे. आता हाका तिने द्यायच्या, उत्तरं त्याने. दोघांनी सगळं नीट पाळलं. दुसऱ्या वळणावर, जिथून थोरला गेला होता तिथे, तिने हाक दिली.

"ओ!"

धाकटा "आहे" म्हणायला गेला, शब्दच निघेना.

पुढे वहिनी थबकली. तिचे खांदे गदगदू लागले.

"ऐकलं," ती म्हणाली. "आत्ता ऐकलं हो मी."

धाकट्याने तोंड उघडलं नव्हतं, आणि या खेपेला त्याला स्वतःला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मागे वळून बघावंसं वाटलं, पण त्याने मान वळवली नाही. दोर थोडा सैल सोडत पुढचं पाऊल टाकणार, तोच वहिनी दटावून म्हणाली,

"जरा दमानं, भाऊजी. ह्यांचा गुडघा दुखतो ना उतरताना."

त्याने उचललेला पाय परत खोबणीत टेकला आणि थांबला.