सहा स्वार, सात सावल्या

माझा साडू गेला कुठं, असं लोक मला अजून विचारतात. मी खरं काय ते सांगतो आणि लोक हसतात. तुम्हीही हसा, माझी काही हरकत नाही. फक्त माझ्या मेहुणीसमोर हसू नका.

साडू धंद्यानं चष्मेवाला. खाली दुकान, दुकानामागं काचा घासायची खोली, वर घर. आम्ही त्याला भिंग म्हणायचो. मी सायकली दुरुस्त करतो. थोरली बहीण मला दिली, धाकटी त्याला, एवढ्यावरच आमचं नातं थांबायचं. पण सायकलीनं ते चांगलं आवळून ठेवलं. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पाण्याच्या टाकीच्या चढावर जायचो. भिंग, मी, बँकेतला एक कारकून आणि एक दातांचा डॉक्टर. चढ केवढा? शेळी चघळत चघळत चढेल एवढा. तरी भिंग शेवटी पोचायचा. दर रविवारी, न चुकता. डॉक्टर वर बसून केळं खायचा आणि ओरडायचा, "भिंगा, तू येईस्तोवर साल वाळली रे!"

पण शर्यतीचा विषय काढा, की हाच माणूस फुलायचा. दर उन्हाळ्यात तिकडे लांबच्या देशात ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत असते, एकवीस टप्प्यांची. आमच्याकडं ती टीव्हीवर दुपारी लागते. तेवढे तीन आठवडे दुकानावर पाटी असायची, 'मालक चढावर आहेत.' कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला उतारावर भीती वाटते, कोण कुणाचा पाणक्या आहे, सगळं त्याला पाठ. पाणक्या म्हणजे ज्यानं स्वतः जिंकायचं नसतं. मागच्या मोटारीतून बाटल्या आणायच्या आणि आपल्या म्होरक्याला पाजायच्या. भिंगाचा जीव अशा पाणक्यांवर. "जिंकणाऱ्याला काय बघायचं, साडूभाऊ? तो दुसऱ्या दिवशी पेपरात दिसतोच."

त्या वर्षी त्यानं घरात सायकल चालवायचा स्टँड आणला. मागचं चाक एका रोलरवर टेकतं, पुढचं खाचेत बसतं, आणि माणूस जागच्या जागी पायडल मारतो. तो टीव्हीसमोर मांडला आणि मला म्हणाला, "ते पाच तास चालवणार तर मीही पाच तास चालवणार. लोडाला टेकून बघायला मी काय आपला सासरा आहे?"

स्टँड मीच बसवून दिला. मागचा ब्रेक चाकाला घासत होता. तो म्हणाला, "दोन्ही काढून टाका."

"असू दे रे. नीट करून देतो."

"अहो, जागच्या जागी फिरणारी सायकल ती. सुटून जाणार कुठं?"

मला पटलं. मेहुणीच्या सायकलीचे ब्रेक झिजलेच होते. याचे काढले आणि खाली अंगणात तिच्या सायकलीला लावले. तिनं मला चहा पाजला. एवढं सरळ काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

चौथ्या टप्प्याला मी तिथंच होतो. सहा जण मोठ्या टोळीला मागं टाकून पुढं सुटले होते. हेलिकॉप्टरमधून चित्र दिसत होतं. पांढरा रस्ता, दोन्हीकडं पिवळी शेतं. वर्णन करणारे दोघं. त्यातला म्हातारा मध्येच थांबला.

"सहा स्वार आहेत ना? मला सावल्या सात दिसताहेत."

"चष्मा बदल," दुसरा हसत म्हणाला.

चष्म्याचा विषय, पण भिंग हसला नाही. त्यानं मान आणखी खाली घातली. टीव्हीवर सातव्या सावलीनंही मान खाली घातली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर ऊन पडलंय म्हणालात तरी मी आधी खिडकी उघडून बघते." विषय तिथंच संपला.

सहाव्या टप्प्यानंतर मेहुणीचे फोन यायला लागले. पडदे ओढलेल्या खोलीत बसणाऱ्या माणसाची मानगूट उन्हानं सोललेली. कपड्यांत खडूसारखी पांढरी धूळ. आठव्या दिवशी तिकडं पाऊस लागला, तेव्हा हा नखशिखांत भिजून खाली उतरला. सतरंजी मात्र कोरडी.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा ना यांना. माझं म्हणजे एका कानानं ऐकायचं नि दुसऱ्यानं सोडायचं."

मी सांगायला गेलो. तो काच घासत होता. मान वर न करता म्हणाला, "काल मी एकदाही मागं पडलो नाही, साडूभाऊ. त्यातल्या एकानं मला कोपरानं खूण केली, 'आता तू पुढं हो, थोडा वारा तू अडव.' मला! टाकीच्या चढावर तुमच्यापैकी कुणी कधी केली होती का?"

आम्ही तर केळी खात बसायचो.

"एकवीस टप्पे," तो म्हणाला. "एकदाच. शेवटची रेषा ओलांडली की सायकल विकून टाकतो."

"आणि मध्येच उतरायची वेळ आली तर?"

तेव्हा त्यानं काच खाली ठेवली. नवव्या दिवशी लघवीला जायला म्हणून त्यानं पाय खाली टेकवला होता. "सतरंजी लागलीच नाही हो. गवत लागलं. ओलं, गार. आणि त्याच्याखाली उतार होता." त्यानं पाय वर घेतला आणि तसाच टप्पा पुरा केला. रेषा ओलांडली, की मगच पायाला आपलं घर लागायचं.

अकराव्या दिवशी मेहुणीचा धीर सुटला आणि तिनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. तिनंच मला नंतर सांगितलं. चाक थांबलं नाही. भिंग आंधळ्यासारखा मान हलवत ओरडायला लागला, "दिसत नाही! लाव! अगं लाव!" तिनं घाबरून चुकीचं बटण दाबलं, मग बरोबर दाबलं. तेवढ्यात काहीतरी धाडकन आपटलं. सायकल स्टँडवर होती तशी उभी होती, हाही वरच होता. पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडं गेलेलं. चिमट्यानं तिनं त्या हातातून डांबराची खडी काढली. वाटीत ठेवली होती, ती मला दाखवली. घरात, सतरंजीवर, अकरा खडे.

"मग उद्यापासून बसूच नकोस," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानावर पाटी होतीच.

तेव्हापर्यंतचे टप्पे एक तर सपाटीचे होते, नाहीतर चढाच्या माथ्यावर संपणारे. चौदाव्या दिवशी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, या. हत्यारं घेऊन या. आत्ता." तिचा आवाज असा होता, की मी हातातलं ग्राहकाचं चाक तसंच रस्त्यावर सोडून निघालो.

भिंग चढावर होता. टीव्हीवर ढग रस्त्याच्या खाली दिसत होते. त्याचं तोंड पांढरंफटक. श्वासांच्या मधून एकेक शब्द यायचा.

"साडूभाऊ. माथा चार किलोमीटर. पलीकडं उतार."

"मग बरंच की. दम खायला मिळेल."

"बावीस किलोमीटर," तो म्हणाला, आणि त्यानं हँडलवरची बोटं पुढं केली. जिथं ब्रेकची मूठ असते तिथं ती बोटं हवेतच मिटली.

उतर म्हणावं, तर उतरणार कुठं? टीव्ही बंद करावा, तर आंधळा. मी खाली धावलो. मेहुणीच्या सायकलीच्या ब्रेकचा नट गंजलेला, आणि तो आवळला होता मीच, सगळी ताकद लावून, चांगलं काम म्हणून. पान्याला लाथ मारून तो सोडवला. ब्रेक घेऊन वर आलो, फिरत्या चाकावर वाकून तो फ्रेमला बसवला. वायर मुठीपर्यंत न्यायची राहिली होती. तेवढ्यात टीव्हीवरचा म्हातारा म्हणाला, "आणि पहिले सहा जण माथा ओलांडताहेत."

चाकाचा आवाज बदलला. चौतीस वर्षं मी चाकांचे आवाज ऐकतोय. तसला आवाज ऐकला नव्हता.

वायरचा विचार सोडला. लहानपणी बिनब्रेकच्या सायकलीवर आपण करायचो तेच केलं. बूट घातलेला पाय उचलून टाच टायरवर दाबली. रबर जळल्याचा वास सुटला. मेहुणी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसली.

"डावं वळण येतंय! दाबा, भावोजी!"

मी दाबलं. सातवी सावली वळणावर मोठ्या कमानीनं बाहेर गेली, कडेच्या पांढऱ्या दगडांना चाटून परत आली. त्या दगडांपलीकडं काही नव्हतं. कठडा नाही, झाड नाही, नुसतं निळं.

"सोडा! आता सरळ आहे. उजवं! दाबा, दाबा!"

माझ्या पँटच्या पायात वारा भरला. खिडक्या बंद होत्या. कान बधिर झाले, घाटातून उतरताना होतात तसे. किती वळणं झाली, मोजली नाहीत. आणि काय सांगू, भिंग हसत होता. हँडलवर आडवा पडून, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि हा हसतोय. "काय चाललंय, साडूभाऊ! काय चाललंय!" टाकीच्या चढावरून परत येताना तो कधी असा हसला नव्हता. मला जास्त भीती त्या हसण्याची वाटली.

आणि जाहिरात लागली.

एक बाई केस धूत होती. सावकाश. फेस, पुन्हा फेस.

"अरे," भिंग म्हणाला. "अरे, काय झालं? वळण कुठं आहे? डावं का उजवं?"

"दुसरीकडं लाव!" मी ओरडलो. मेहुणीनं सगळी बटणं दाबली. बातम्या, स्वयंपाक, कुणीतरी गातंय. परत आली तर बाई केस वाळवत होती. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि अंगातलं सगळं वजन टाचेवर टाकलं. बुटाचा तळ वितळून मोज्यापर्यंत आला.

"दाबतोय, भिंगा! घाबरू नकोस, मी दाबतोय!"

"आवाज येतोय," तो एकदम शांतपणे म्हणाला. "पाण्याचा. खूप खाली."

मग गादीची जाहिरात. गादीवर अंडं टाकतात, फुटत नाही. ते अंडं अजून हवेत होतं, तेव्हा माझ्या टाचेखालचं चाक हलकं झालं. कसं सांगू तुम्हाला? डबल सीट बसलेला माणूस मागच्या मागं उतरून गेला, की कसं वाटतं, तसं. मी वर बघितलं. सीट रिकामी होती.

शर्यत परत लागली. सहा स्वार, खाली सहा सावल्या. वर्णन करणारे उद्याच्या हवामानाबद्दल बोलत होते.

मेहुणी ओरडली नाही. ती चाकाकडं बघत होती. मी पाय काढला. चाक फिरतच होतं. आणि नुसतं फिरत नव्हतं, पायडलं फिरत होती. ओझ्याखाली, लयीत, दमलेल्या माणसाची फिरतात तशी. मध्येच मंद व्हायची, जणू चढ लागलाय. मग हलकी व्हायची.

"चालवताहेत," ती म्हणाली. एवढंच.

टप्पा संपला. चाक थांबलं नाही. एकविसावा टप्पा संपला, जिंकणारा फुलं घेऊन उभा राहिला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला. चाक थांबलं नाही. पोलीस आले, त्यांनी दुकान बघितलं, काचा बघितल्या, सायकलीकडं बघून "मोटर बसवलीय का?" म्हणून विचारलं आणि कागद भरून गेले. दातांचा डॉक्टर एकदा आला. पाच मिनिटं त्या पायडलांसमोर उभा राहिला आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. रविवारी तो आता येत नाही.

याला सात महिने झाले. मेहुणी त्याच खोलीत झोपते. टीव्ही दिवसभर चालू असतो, कोणताही कार्यक्रम असो. मोटारीच्या जाहिरातीत एखादा वळणाचा रस्ता दिसला, की ती हातातलं काम टाकून पुढं सरकते.

मी शनिवारी जातो. फिरत्या साखळीला तेल देतो, कापूस धरून पुसतो. साखळी किती चालते ते मला माहीत आहे. सलग एवढं चालवलं, तर दोन महिनेसुद्धा नाही. हिचे दुवे ताणले जाऊन लांब झालेत. गेल्या शनिवारी दातेरी चक्रावरून ती दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा पायडलं रिकामी गरगरली. मेहुणीनं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला.

नवी साखळी माझ्या पिशवीत आहे. ती घालायला चाक एक मिनिट थांबवावं लागतं. माझा हात चालतो, तरी एक मिनिट लागतंच.

"ते चढावर असले की थांबवा," मेहुणी म्हणाली. "चढावर पाय टेकला तर घसरणार तरी नाहीत."

"आणि कुठं टेकतील?"

"ते मला नका विचारू, भावोजी. जुनी आपोआप तुटली, तर ती उतारावरही तुटेल."

माझ्या बायकोनं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच खिडकी उघडून बघितली नाही. ती देवापुढंही बसली नाही. माझे ते तळ वितळलेले बूट काढले, त्यांना जाड तळ शिवून आणले आणि दारात ठेवले.

उद्या शनिवार आहे.